पहारेकऱ्याची खोटी हाक

श्रावणांतील संध्याकाळ. लोणावळ्यास दिवसभर धुकें उतरलेलें आहे, समोरच्या घराचीं कौलें दिसेनाशीं झालीं आहेत आणि पागोळ्यांचा आवाज अखंड चालू आहे. अशा वेळीं एका घरांतील खोलींत लेसर-यंत्रावर तीन मिलिमीटर जाडीचें प्लायवूड लावलेलें असतें. त्यांतून कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या कमानीची छोटी प्रतिकृति कापून काढावयाची आहे. यंत्राचें डोकें शांतपणें पुढें-मागें फिरत असतें. अर्धी कमान होते न होते तोंच यंत्र कर्कश आवाज करून थांबतें आणि ज्वाळा आढळल्याची सूचना पडद्यावर उमटते. घरांतील माणसें धांवत येतात, झांकण उघडून पाहतात, तों ज्वाळा नाहीं कीं निखारा नाहीं. नुसता जळक्या लाकडाचा वास. यंत्र पुन्हां सुरू करावें, तर पांच मिनिटांनीं पुन्हां तोच प्रकार. लाकूड अर्धवट कापलेलें तसेंच वायां जातें.

असें तीन-चार वेळां झालें म्हणजे घरांतील कोणी तरी एक सोपा उपाय सुचवितो. यंत्राच्या आंत ज्वाळेवर पहारा करणारा जो लहानसा डोळा असतो, त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून टाकावा. मग आवाज नाहीं, खोळंबा नाहीं. लांडगा आला रे आला, असें खोटेंच ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट घरोघरीं ठाऊक आहे. तिचा शेवट काय झाला हेंहि ठाऊक आहे. लांडगा खरोखर आला तेव्हां गांवांतला एकहि माणूस धांवून गेला नाहीं. खोट्या हाकेंतला खरा धोका हा असा असतो. ती हाक स्वतः कांहीं जाळीत नाहीं. पण ती ऐकणाऱ्याचा विश्वास जाळून टाकते.

गोष्टींतला मुलगा खोडसाळ होता. यंत्रांतला पहारेकरी मात्र खोडसाळ नाहीं. त्याला जें दिसतें तें तो इमानानें सांगतो. फक्त त्याची दृष्टि फार संकुचित असते. म्हणून त्याला गप्प बसविण्यापूर्वी तो काय पाहून ओरडला, याचा शोध घेणें हाच शहाणपणाचा मार्ग होय. हा शोध घरच्या घरीं, फारशा उपकरणांवांचून घेतां येतो.

प्रथम यंत्राचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे. पहिला लेसर १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं माणकाच्या कांडीपासून निर्माण केला. लाकूड कापण्याच्या कामीं पुढें अतिशय उपयोगी पडलेल्या लेसराचें श्रेय मात्र पुणें जिल्ह्यांत जन्मलेल्या शास्त्रज्ञाकडे जातें. चंद्र कुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ सालीं बारामतीस झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि तेथील बेल प्रयोगशाळेंत १९६४ सालीं त्यांनीं कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. त्याच्या किरणाची तरंगलांबी सुमारें १०.६ मायक्रोमीटर असते. हा किरण डोळ्यांस दिसत नाहीं, पण लाकूड तो पुरता शोषून घेतें. घरगुती यंत्रांचा दुसरा प्रकार म्हणजे डायोडचा लेसर. त्याचा किरण सामान्यतः निळा असून त्याची तरंगलांबी सुमारें ४५० नॅनोमीटर असते. दोन्ही प्रकारांत काम एकच : किरण भिंगानें एका सूक्ष्म बिंदूवर गोळा करावयाचा आणि त्या उष्णतेनें लाकूड रेषेरेषेनें जाळीत न्यावयाचें.

जाळीत न्यावयाचें, हे शब्द महत्त्वाचे आहेत. करवत लाकडाचा भुसा करते, लेसर त्याचा धूर करतो. लाकूड सुमारें २०० अंश सेल्सिअसच्या पुढें तापलें कीं त्याचें विघटन होऊं लागतें आणि त्यांतून ज्वलनशील वायु बाहेर पडतात. तपमान आणखी शंभर-दीडशें अंश चढलें आणि जवळ ठिणगी असली कीं हे वायु पेट घेतात. लेसराच्या बिंदूपाशीं तर याहून कितीतरी अधिक उष्णता असते. म्हणून कापण्याच्या फटीवर क्षणभर एखादी इवलीशी ज्योत उठणें आणि विझणें हें या कामांत अपवादात्मक नाहीं. ती ज्योत उठूं नये म्हणून डोक्याच्या नळींतून हवेचा झोत सोडलेला असतो. तो वायूंना आणि धुराला बाजूस सारतो व कड थंड ठेवतो. चुलीवर घातलेली फुंकर विस्तव फुलविते आणि मेणबत्तीवर घातलेली फुंकर ज्योत विझविते. येथें दुसऱ्या प्रकारच्या फुंकरीचें काम आहे.

आतां पहाऱ्याच्या डोळ्याकडे वळूं. घरगुती यंत्रांत बहुधा सिलिकॉनचा एक लहान प्रकाशग्राही घटक बसविलेला असतो. तो मुख्यतः ७६० ते ११०० नॅनोमीटर या पट्ट्यांतील प्रकाश टिपतो. हा प्रकाश तांबड्या रंगाच्या पलीकडचा, माणसाला न दिसणारा, म्हणजे अवरक्त होय. ज्वाळेंतून तो भरपूर बाहेर पडतो, म्हणून ही निवड योग्यच आहे. परंतु तोच प्रकाश उन्हांत असतो, तारेच्या पिवळ्या बल्बांत असतो, हॅलोजनच्या शेगडींत असतो, दूरचित्रवाणीच्या रिमोटांत असतो आणि अंधारांत पाहणाऱ्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांतहि असतो. डोळ्याच्या लेखीं हीं सर्व एकच. अमुक इतका अवरक्त प्रकाश पोंचला कीं त्यानें ओरडावें, एवढीच त्याची आज्ञा आहे.

कांहीं यंत्रांतील डोळे याहून थोडे चतुर असतात. ज्योत थरथरते, आणि तिची थरथर सेकंदाला साधारण एकपासून दहा-पंधरा वेळांपर्यंत असते. स्थिर प्रकाश सोडून देऊन केवळ अशा थरथरत्या प्रकाशावर ओरडणारीं मंडलें करतां येतात. आपल्याकडील विजेवर चालणारे दिवे सेकंदाला शंभर वेळां लुकलुकतात. तेवढी घाई असल्यामुळें ते अशा डोळ्याला फसवीत नाहींत. पण छताचा पंखा त्याला फसवितो. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला २०० फेरे घेत असेल, तर त्याच्या वरच्या दिव्याचा प्रकाश सेकंदाला दहा वेळां तुटतो. ही तर नेमकी ज्योतीची चाल झाली. याखेरीज महागड्या उपकरणांत जंबुपार किरण टिपणारे डोळे असतात. ते १८५ ते २६० नॅनोमीटर या पट्ट्यांत पाहतात. उन्हांतील तितके आंखूड तरंग वातावरणांतील ओझोन वरच्या वर शोषून घेतो, म्हणून या डोळ्यांना ऊन भुलवूं शकत नाहीं. विजेची ठिणगी किंवा वेल्डिंगचा प्रकाश मात्र भुलवितो. आपल्या यंत्रांत कोणता डोळा आहे, हें त्याच्या माहितीपुस्तकांत आधीं पाहून ठेवावें.

तात्पर्य, खोट्या हाकेचीं कारणें तीन घरांत विभागतां येतात : बाहेरून येणारा प्रकाश, कापतांना आंतच निर्माण होणारा प्रकाश आणि प्रकाशाशीं संबंध नसलेला विजेचा दोष. यांपैकीं कोणतें, हें ठरविण्याची रीत सोपी आहे. मात्र तिचा क्रम मोडूं नये.

हाक आली कीं प्रथम ती खरीच आहे असें मानावें. लेसर थांबला आहे याची खात्री करून लाकडाच्या वरच्या बाजूस पाहावें आणि मग खालच्या बाजूस, जाळीच्या ताटांत पाहावें. कापून पडलेले बारीक तुकडे तेथें सांचतात आणि धुमसतात. वरून कांहींच दिसत नाहीं म्हणून हाक खोटी, असें ठरविणें ही सर्वांत मोठी चूक होय. तेथें कांहींहि न आढळल्यास पुढील परीक्षा घ्याव्या.

पहिली परीक्षा : लाकूड बाहेर काढावें, लेसर बंद ठेवावा आणि यंत्र नुसतें चालू करून त्याच जागीं, त्याच दिव्यांत दहा मिनिटें राहूं द्यावें. या स्थितींतहि हाक आली, तर कापण्याच्या ज्वाळेचा त्याच्याशीं कांहींएक संबंध नाहीं. मग डोळ्यावर पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. हाक थांबली तर दोष बाहेरच्या प्रकाशाचा. डोळा पुरता झांकूनहि हाक येतच राहिली तर दोष विजेचा. ही परीक्षा केवळ लेसर बंद असतांनाच घ्यावयाची आहे. झांकलेल्या डोळ्यानें लाकूड कधींहि कापूं नये.

दुसरी परीक्षा : लेसर बंद ठेवूनच डोक्याला संपूर्ण नक्षीवरून फिरूं द्यावें. ठराविक कोपऱ्यांत डोकें गेलें कीं हाक येत असेल, तर तेथें वांकणाऱ्या तारेचा जोड सैल असण्याचा संभव असतो. तसेंच, उन्हाची तिरीप यंत्रावर पडत असेल तर फिरतें डोकें ती अडवितें आणि सोडतें, आणि त्या उघडझांपीनेंहि डोळा फसतो. दोहोंतील भेद रात्रीं, खोलींतील दिवे मालवून कळतो. रात्रीं हाक बंद झाली तर ऊन, न झाली तर तार.

तिसरी परीक्षा प्रत्यक्ष कापण्याची. पहिल्या दोन्हींत यंत्र मुकाट राहिलें आणि कापतांनाच ओरडूं लागलें, तर कारण आंत आहे. येथें एक वही ठेवावी. वेळ, लाकडाचा प्रकार, किरणाचा जोर, डोक्याची गति, कितवा फेरा आणि हाक येतांना डोकें कोठें होतें, एवढें लिहीत गेलें कीं चार-पांच नोंदींतच कारण तोंड दाखवूं लागतें. दरवेळीं दुसऱ्या फेऱ्यालाच हाक येते काय? मग पहिल्या फेऱ्यानें केलेला कोळसा दुसऱ्या फेऱ्यांत लाल होऊन चमकतो आहे. दरवेळीं एकाच जागीं येते काय? मग त्या जागीं प्लायवुडाच्या थरांत सरसाचा गोळा किंवा लाकडाची गांठ आहे. पातळ फळीला आरपार छेद गेल्याबरोबर येते काय? मग खालच्या चकचकीत पत्र्यावरून उजेड उलटून डोळ्यांत शिरतो आहे.

लोणावळ्यासारख्या ठिकाणीं या सर्व कारणांत ऋतूची भर पडते. येथें वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. लाकूड हवेंतील ओल शोषतें. हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा ५० असतां शंभर ग्रॅम सुक्या लाकडांत सुमारें नऊ ग्रॅम पाणी राहतें. आर्द्रता शेंकडा ९० झाली कीं तेंच पाणी वीस ग्रॅमांच्या घरांत जातें. किरणाची बरीच उष्णता मग या पाण्याची वाफ करण्यांत खर्च होते. छेद पुरा होत नाहीं, म्हणून माणूस गति कमी करतो किंवा फेरे वाढवितो. कडा अधिक काळ तापत राहतात, कोळसा वाढतो, वायु साचतात आणि ज्योत उठते. ओल्या लाकडाला आग लागत नाहीं ही समजूत येथें उपयोगी पडत नाहीं. ओल भरून काढण्यासाठीं जें केलें जातें त्यानेंच आग जवळ येते. शिवाय दमट फळी वांकते. तिचा मधला भाग उचलला गेला कीं किरणाचा बिंदु पसरट होतो आणि कापण्याऐवजीं नुसता भाजूं लागतो.

यावर उपाय घरांतच आहे. पावसाळ्यापूर्वी आणलेलें प्लायवूड प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून, सपाट जागीं, वर वजन ठेवून साठवावें. कापावयाच्या आधीं तें कोरड्या खोलींत कांहीं दिवस ठेवून स्वयंपाकघरांतील काट्यावर रोज तोलावें. वजन उतरावयाचें थांबलें म्हणजे त्या खोलींत तें जितकें सुकावयाचें तितकें सुकलें. पण या वाळविण्यांतच एक फसगत आहे. दमट गांवीं कपाटांत तारेचा पिवळा बल्ब लावून ठेवण्याची युक्ति प्रसिद्ध आहे. तोच बल्ब, किंवा लाकूड शेंकण्यासाठीं आणलेली हॅलोजनची शेगडी, यंत्राच्या समोर असली तर पहारेकरी तिलाच आग समजून ओरडणार. एल.ई.डी.च्या साध्या दिव्यांत अवरक्त प्रकाश अगदीं थोडा असतो. यंत्राच्या खोलींत तोच दिवा असावा.

पाऊस सरला कीं प्रश्न पालटतो. कार्तिकापासून माघापर्यंत मावळांत आकाश स्वच्छ असतें आणि सूर्य दक्षिणेकडे झुकल्यामुळें ऊन तिरपें होऊन घरांत खोलवर येतें. कामशेतच्या किंवा वडगांवच्या एखाद्या घरीं श्रावणांत मुकाट असणारें यंत्र पौषांत रोज दुपारीं चार वाजतां ओरडूं लागतें तें यामुळें. येथें यंत्राच्या नारिंगी झांकणावर विसंबूं नये. तें निळा किरण अडवितें, म्हणून डोळ्यांचें रक्षण करतें. पण अवरक्त प्रकाश त्यांतून सुखेनैव आंत जातो. काळ्या कापडाचा पडदाहि फसवा असतो, कारण माणसाला काळीं दिसणारीं पुष्कळ कापडें या प्रकाशाला काळीं नसतात. यंत्राची जागा बदलावी, किंवा खिडकीच्या बाजूस जाड पुठ्ठा अगर पत्रा उभा करावा. पहाऱ्याचा कॅमेरा यंत्रावर रोखलेला असेल तर तो वळवावा. एखादें उपकरण असा अदृश्य प्रकाश फेंकतें काय, हें पुष्कळ मोबाइल-कॅमेऱ्यांच्या पडद्यावर जांभळट ठिपक्याच्या रूपानें दिसतें.

आंतल्या कारणांचे उपाय कापण्याच्या रीतींत आहेत. हवेच्या झोताची नळी काजळीनें बुजली असेल तर ती साफ करावी. बिंदूची उंची फळीच्या चारी कोपऱ्यांवर तपासावी. एकाच संथ फेऱ्यांत लाकूड भाजून काढण्यापेक्षां योग्य जोर आणि शक्य तितकी अधिक गति ठेवावी. चकचकीत पत्रा फळीच्या लगत न ठेवतां मध्यें अंतर ठेवावें. विजेच्या बाबतींत सैल जोड, हिरवट डाग पडलेल्या पिना आणि भुईतार यांची तपासणी यंत्राचा प्लग काढूनच करावी. वायूच्या लेसराच्या नळीला हजारों व्होल्टांचा दाब लागतो आणि प्लग काढल्यावरहि तो कांहीं काळ टिकूं शकतो. तो भाग जाणत्या कारागिराखेरीज कोणीं उघडूं नये.

डोळ्याची संवेदकता कमी करणें हा शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे. कांहीं यंत्रांत त्यासाठीं एक लहान स्क्रू असतो, कांहींत आकडा बदलतां येतो. तो थोडाथोडाच बदलावा आणि प्रत्येक बदलानंतर पहारेकऱ्याची परीक्षा घ्यावी. ती अशी : लाकूड बाहेर, लेसर बंद, जवळ पाण्याचें भांडें, मग पेटती कांडी यंत्राच्या चारी कोपऱ्यांत धरून पाहावी. चारी ठिकाणीं यंत्र ओरडलें तरच बदल योग्य. एखाद्या कोपऱ्यांत तें गप्प राहिलें, तर तो कोपरा पहाऱ्याबाहेर गेला. बाजूचा उजेड टाळण्यासाठीं डोळ्याभोंवतीं धातूची आखूड नळी बसविली असेल, तेव्हां तर ही परीक्षा अवश्यच घ्यावी.

येथें एक गोष्ट विसरली जाते. खोटी हाक कानाला टोंचते म्हणून तिच्यावर उपाय होतो. खोटें मौन मात्र कोणाच्या लक्षांतच येत नाहीं. लाकडाच्या धुरांतील चिकट द्रव डोळ्याच्या कांचेवर बसतो आणि दिवसेंदिवस त्याला अंध करीत जातो. पूर्वी वारंवार ओरडणारें यंत्र आपोआप शांत झालें, तर आनंद मानूं नये; कांच पुसावी आणि पेटत्या कांडीची परीक्षा घ्यावी.

डोळा कितीहि चांगला असला तरी तो सोबती आहे, बदली माणूस नव्हे. लेसर चालू असतां खोली सोडूं नये. हाताशीं कार्बन डायऑक्साइडचें अग्निशामक असावें. भुकटीच्या अग्निशामकानेंहि आग विझते, परंतु ती भुकटी भिंगांचा आणि यंत्राचा नाश करते. ताटांतील तुकडे रोज काढावे. काम संपल्यावर निदान दहा मिनिटें निखाऱ्यावर लक्ष ठेवावें, आणि त्या लेसराच्या तरंगलांबीसाठीं सांगितलेला चष्मा लावल्याखेरीज झांकण उघडून किरणाकडे पाहूं नये.

ज्या कमानीची प्रतिकृति यंत्रावर कापली जात होती, ती कार्ल्याची मूळ कमान आजहि उभी आहे. त्या चैत्यगृहाच्या दगडी छताला आंतून सागवानी कमानी बसविलेल्या आहेत. त्यांतील कांहीं लाकूड सुमारें दोन हजार वर्षांचें आहे. छताचा भार तें पेलीत नाहीं. तें पोखरलेल्या दगडाला नुसतें चिकटून आहे. इतके पावसाळे बाहेर कोसळत असतां तें टिकलें, कारण तें दगडाच्या आडोशाला राहिलें आणि त्याला आगीनें गांठलें नाहीं. लाकूड इतकें दीर्घायुषी असूं शकतें, आणि एका दुर्लक्षित क्षणांत तें राखहि होऊं शकतें. लोणावळ्याच्या त्या घरांत चिकटपट्टीचा तुकडा डोळ्यावर लावावयाचा कीं कोपऱ्यांतला पिवळा बल्ब काढावयाचा, एवढाच निवाडा त्या श्रावणांतल्या संध्याकाळीं करावयाचा असतो. दुसऱ्याला पांच मिनिटें अधिक लागतात. पण रात्रीं घर निर्धास्त झोंपतें.